दहाव्याची रजा

रचून लिहायची मला जुनी सवय आहे. पण हे रचलेलं नाही, आईशप्पथ.

रात्रीचंही नाही. आज ५ मे १९९४. धुळ्यातलं माझं घर, सकाळचे साडेदहा.

आत बायको, मंजुळा, भाकरी थापतेय.

थप… थप… थप…

तो आवाज येतोय तोवर लिहितो.

मी तेल गिरणीत कारकून होतो. ९१ साली घाण्यावरचा आधारभाऊ रिटायर झाला. तीस वर्षांत त्याने एकही रजा घेतली नव्हती. साठलेल्या रजेच्या पैशांतून त्याला बायकोचं, पार्वताबाईचं, ऑपरेशन करायचं होतं.

शेठ मला म्हणाले, "त्याची रजा संपवून टाका."

एका बैठकीत मी त्याच्या नावाने मागच्या तारखांचे चाळीस अर्ज लिहिले. "पैशांचे कागद आहेत," म्हटलं. अडाणी माणूस, विश्वासाने जांभळे अंगठे उठवत गेला.

शेठनी मला तेलाचा डबा दिला.

आठवड्याने तो पैसे न्यायला आला. मी निर्लज्जपणे त्याचेच अर्ज त्याला वाचून दाखवले. बरेचसे ताप-खोकल्याचे. पण १७ जुलै, आईला अर्धांगवायू. २ नोव्हेंबर, घराला आग. १४ मे, पत्नीचा दहावा.

तो बघतच राहिला.

"मनी पार्वता ते जित्ती शे, भाऊ. मना घर काहीच व्हयनं नही. मंग हाई बठ्ठं कोना घर व्हयनं?"

बायको तर जिवंत आहे, मग हे सगळं झालं कुणाच्या घरी, असं विचारत होता. मी हसलो. खरंच हसलो.

पार्वताबाई दिवाळीआधी गेली. मागोमाग तोही. गिरणी बंद पडल्यावर ते अर्ज मी स्वतः जाळले.

१७ जुलै ९२. सकाळी उंबऱ्यावर एक कागद…

अक्षर माझं. अंगठ्याची शाई ओली…

संध्याकाळी माझी आई अंगणात पडली. उजवं अंग गेलं.

२ नोव्हेंबर ९३. पुन्हा कागद… दिवसभर मी घरात काडी ओढू दिली नाही. तरी स्वयंपाकघर पेटलं. शेठच्या त्या डब्यापासून.

आज तिसरा आला.

१४ मे वाचून मला हायसं वाटलं. अजून नऊ दिवस आहेत. मंजुळाला सावद्याला, माहेरी पाठवून देऊ.

मग कागद आजच का आला?

बोटांवर दिवस मोजले. दहावा चौदाला… म्हणजे मरण पाचला.

तिला सांगितलं नाही. चाळीस खोटे अर्ज लिहिले, पण हे एक खरं सांगायला तोंड उघडेना.

थप… थप…

थांबला.

भाकरी करपल्याचा वास येतोय.

"मंजुळा?"



कागदावरची शाई आता वाळली आहे. मी अजून उठलेलो नाही.