तटबंदी, भाग तिसरा

व्हिडिओ गेमचं पुस्तक असतं, असं सांगितलं की लोक हसतात. गेम खेळायचा, त्याचं पुस्तक कशाला? मी समजावून सांगायची. गेममध्ये एक किल्ला असतो, त्यात चोरवाटा असतात, फसवी दारं असतात. खेळणारा कुठेतरी अडकतो आणि मग पुस्तक उघडतो. त्यात नकाशे असतात आणि नकाशांखाली सूचना. ‘डाव्या भिंतीला धरून चाला. कमानीखाली थांबू नका, वरून दगड येतो.’ ही वाक्यं आभाळातून पडत नाहीत. कुणीतरी तो किल्ला शंभरदा हरून लिहिलेली असतात. ती मी लिहायची.

गेमचं नाव ‘तटबंदी’. पुण्यातल्या एका कंपनीचा. पहिले दोन भाग गाजले, आणि दोन्हींचं अधिकृत मार्गदर्शक पुस्तक माझ्या नावानं निघालं. मोबाईलवर सगळं फुकट बघायला मिळतं, तरी लोक ते पुस्तक घेतात. जाड, गुळगुळीत कागद, घडी उलगडली की अख्खा किल्ला समोर. छपाई मीच जालन्यात आणली. जुन्या जालन्यात श्रेयांसभाऊंचा छापखाना आहे. ते मुळात बियाण्यांची पाकिटं छापतात. पाकिटावरचा टोमॅटो शेतकऱ्याला खरा वाटला पाहिजे, म्हणून त्यांच्या मशीनचा रंग चोख.

मूळची मी तीर्थपुरीची. वडील गेल्यावर आईला जालन्याला घेऊन आले. घरी गेम लावला की तलवारींच्या आवाजानं तिचं डोकं उठायचं, म्हणून एका कॉम्प्युटर क्लासच्या मागची खोली भाड्यानं घेतली. सकाळी डबा घेऊन जायची आणि दिवेलागणीला परत यायची.

तिसऱ्या भागाचं काम अर्ध्यावर असताना कंपनीच्या मयंकचा फोन आला. “मॅडम, या वेळी कव्हरवर लेखक म्हणून ‘टीम तटबंदी’ जाईल. पॉलिसी आहे.”

“मग टीमलाच लिहू द्या,” मी म्हणाले.

“तुम्ही चिडू नका ना, मॅडम.”

हे वाक्य मी शाळेत ऐकलंय, भावकीत ऐकलंय, मला बघायला आलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. माझं काय चुकलं हे कुणी सांगत नाही, मी चिडते एवढंच सगळ्यांना दिसतं. मी मयंकला इतकं बोलले की क्लासमधली पोरं टायपिंग थांबवून बघायला लागली. मजकूर पाठवणार नाही म्हणाले, आणि नाही पाठवला. तसाही तो पूर्ण नव्हता. आठव्या किल्ल्याचं शेवटचं दालन मलाच अजून सुटलं नव्हतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी खोलीवर पार्सल आलं. आत पुस्तक होतं. ‘तटबंदी, भाग तिसरा : अधिकृत मार्गदर्शक’. शाईचा वास अजून गेला नव्हता. कव्हरवर माझं नाव नव्हतं.

आत सगळं माझं होतं. ‘इथे घाई करणारा मरतो’ असं मी लिहिलं होतं, ते तसंच. एका चौकातल्या विहिरीला मी गंमत म्हणून ‘आत्याबाईची विहीर’ म्हटलं होतं, तेही तसंच. कुणीतरी माझ्या लॅपटॉपमधून चोरलं, हे सरळ दिसत होतं. चोरी मला कळते. चोराला कुठे धरायचं हेही कळतं.

मग आठवा किल्ला आला.

तो मी लिहिलाच नव्हता. लॅपटॉपमध्ये नव्हता, कागदावर नव्हता, डोक्यातही नव्हता. पुस्तकात मात्र तो पुरा होता, माझ्याच भाषेत. मी गेम लावला आणि पुस्तकाबरहुकूम चालत गेले. प्रत्येक वळण बरोबर निघालं. शेवटच्या दालनात एक पहारेकरीण असते. खेळणाऱ्यानं स्वतःसाठी जो चेहरा निवडलेला असतो, तोच ती घेते. मी तिच्याशी दरवेळी लढले होते आणि दरवेळी हरले होते.

पुस्तकात लिहिलं होतं, ‘ही बाई तुमच्याच चेहऱ्याची आहे. तिच्याशी लढू नका. ती ओरडेल, तिला ओरडू द्या. तुम्ही शांतपणे जाऊन तिच्या जागेवर बसा. थोड्या वेळानं बाकीचे पहारेकरी तुम्हालाच ओळखू लागतील.’

मला कुणी सांगितलं की मी ते करत नाही. मी लढले आणि हरले. पुस्तक पिशवीत कोंबलं आणि घरी आले.

आई ओट्याशी भाकरी थापत होती. चेहरा असा खुललेला की मला बघवेना.

“आज लई बरं वाटलं बघ,” ती म्हणाली. “किती दिसांनी दुपारी माझ्याजवळ बसली तू. शेंगा सोलल्या, माझ्या डोक्याला तेल लावलं. मला वाटलं, गेला बाई पोरीचा राग.”

“मी दुपारी खोलीवर होते, आई.”

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू मावळलं. “बरं,” ती म्हणाली. “मंग न्हाई.”

तिच्या केसांना तेल होतं. चोपडून, भांग सरळ काढून. तिचा उजवा खांदा वर्षभर दुखत होता, हात डोक्यापर्यंत जात नव्हता. शेजारची कुणी येऊन गेली असेल, असं मी ठरवलं. विचारलं नाही. मला दुसऱ्या दिवशी भांडायचं होतं आणि तो राग मला कुठे सांडू द्यायचा नव्हता.

सकाळी छापखान्यात गेले. गल्लीत धान्याच्या पोत्यांचा ट्रक आडवा लागला होता. ऑटोवाले हॉर्न वाजवत होते. श्रेयांसभाऊ टेबलामागे बसले होते. मला पाहून ते हसले. हेच पहिलं विचित्र. मी आले की ते आधी सावध होतात.

“या ताई. चहा सांगू?”

मी पुस्तक टेबलावर आपटलं. “हे कोणाच्या परवानगीनं छापलं?”

त्यांचं हसू गेलं. “म्हंजे? तुम्हीच तर दिलं.”

“मी?”

“हे काय ताई. मागच्या आठवड्यात रोज दुपारी येत होत्या. या खुर्चीवर बसल्त्या. प्रूफ तपासलं.” त्यांनी कपाटातून गठ्ठा काढला. “हे तुमचंच अक्षर न्हाई का?”

हिरव्या शाईतल्या दुरुस्त्या. ळ लिहिताना मी खालची गाठ सोडून देते, ती इथेही सोडलेली होती. अक्षर माझंच होतं. मी पान उलटं केलं आणि मागून बोट फिरवलं. मी लिहिते तेव्हा कागदाच्या मागच्या बाजूला अक्षरं उमटतात. लहानपणापासून मास्तर त्यावरून बोलायचे. या पानाची मागची बाजू गुळगुळीत होती. लिहिणारीनं कागदावर जोरच दिला नव्हता.

“काय बोलत होते मी?”

“जास्त न्हाई. एकदा आमचा निळा रंग सरकला, सोळा पानांचा पूर्ण फर्मा खराब. मी म्हणलं, आता ताई बोलतील. तुम्ही म्हणल्या, असू द्या भाऊ, होतं.” त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. “खरं सांगू का, राग मानू नका. आमचे कामगार बी म्हणून राह्यले होते, ताई किती बदलल्या. सगळ्यांला बरं वाटलं.”

सरकलेल्या रंगाला मी आयुष्यात ‘असू द्या’ म्हणालेले नाही.

“उद्या दुपारी येणारच आहात ना?” त्यांनी विचारलं. “दुसऱ्या खेपेचा पहिला कागद बघायला येते म्हणल्त्या.”

बाहेर येऊन मी मयंकला फोन लावला. त्यानं उचलताक्षणी गोड आवाजात सुरुवात केली. “बोला अर्पिता मॅडम! काल तुमच्याशी बोलून खरंच छान वाटलं. तुम्ही स्वतःच म्हणालात, नावाचं काय एवढं. इतकं समजून घेणारं कुणी—”

“मी असं म्हणाले नाही,” मी ओरडले. “ते माझं काम आहे. माझं नाव त्या पुस्तकावर लागल्याशिवाय एक प्रत विकली तर बघा!”

मग वेगळ्याच, परक्या आवाजात तो म्हणाला, “सॉरी, कोण बोलतंय?”

“अर्पिता बोलतेय. नंबर दिसत नाही का?”

“नंबर मॅडमचाच आहे. पण आपण कोण? मॅडमचा फोन तुमच्याकडे कसा?”

मी फोन बंद केला. ट्रकमधून पोती उतरत होती, ज्वारीची धूळ नाकात जात होती. आपल्यावर कुणीतरी कट रचतंय असं वाटणाऱ्या माणसांना मी नेहमी हसत आले. कट नसतो, कामचुकारपणा असतो. माझ्यासारखी दिसणारी एखादी बाई कंपनीनं पाठवली असणार. उद्या दुपारी ती येणार आहे. मी तिच्या झिंज्या धरीन, एवढंच ठरवलं.

त्या रात्री ताट वाढून आई बाजूला बसून राहिली आणि मध्येच दाराकडे बघत राहिली, कुणीतरी यायचं राहिलंय तशी.

दुसऱ्या दिवशी छापखान्यासमोर कपड्याच्या ठोक दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. ऊन रणरणत होतं. छापखान्यात जाणारी एकच वाट, आणि ती माझ्यासमोर होती. मी नजर हलवली नाही. कोणीही आत गेलं नाही. कंटाळून खिडकीकडे पाहिलं, तर खुर्चीत मी बसलेली होते.

पाठ माझ्याकडे होती. भिंगातून ती कागद बघत होती. श्रेयांसभाऊ काहीतरी सांगत होते आणि ती मान हलवत होती. खांदे सैल होते. माझे खांदे कसे असतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मी आत शिरले.

“उठ,” मी ओरडले. “उठ तिथून!”

मशीन थांबलं. कामगार वळून बघायला लागले. श्रेयांसभाऊ घाईनं आडवे आले. त्यांच्याशी गेली पाच-सहा वर्षं भांडत आलेय मी. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“कोण पाहिजे, बाई?”

“भाऊ, मी अर्पिता.”

“बाई, ओरडू नका. आत लेडीज बसल्यात. काय काम हाय ते सांगा.”

“तिला वळायला सांगा! तोंड बघू दे तिचं!”

ती वळली नाही. भिंग खाली ठेवून तिनं कागद सारखा केला आणि माझ्या आवाजात म्हणाली, “असू द्या, भाऊ.”

त्या आवाजात दया होती.

कुणीतरी माझा दंड धरला. जोरात नाही, अदबीनं. गल्लीत आणून सोडलं. मागे मशीन पुन्हा सुरू झालं.

मी ऑटो पकडला. घरी तिच्या आधी पोचायचं होतं. ती छापखान्यातच बसलेली मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ऑटोवाल्याला सगळ्या वाटेनं “जल्दी, जल्दी” म्हणत राहिले.

जिना चढून किल्ली लावली. किल्ली फिरली, पण दार चार बोटं उघडून अडलं. आतून साखळी होती. आई दुपारी कधी साखळी लावत नाही.

फटीत आईचा चेहरा आला.

“कोण पाहिजे?”

“आई, मी आहे. साखळी काढ.”

ती घाबरली नाही. घाबरली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या घामेजल्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिच्या कपाळावर काळजीची आठी आली. तीर्थपुरीला अंगणात कुणी उन्हातून दमून यायचं, तेव्हा अशीच यायची.

“पाणी पाहिजे का, बाई?”

ती आत गेली. तिनं फटीतून पेला दिला. मी पाणी प्यायले. का प्यायले माहीत नाही. आतून वरणाचा वास येत होता, फोडणीचा, ताज्या लसणाचा. ताटात वाटी ठेवल्याचा आवाज आला.

“आई,” मी म्हणाले, “आत कोण आहे?”

“माझी लेक हाय. जेवून राह्यली.”

मी ओरडले नाही. ओरडले असते तर तिनं दार लावून घेतलं असतं. आणि न ओरडता मी कोण आहे हे कसं सांगायचं, ते मला येत नव्हतं.

आतून आवाज आला. “आई, कोण आलंय गं?”

“कोणी बाई हाय. उन्हातून आली बिचारी.”

“ओळखीची आहे का? बघ तर नीट. कोणासारखी दिसते?”

आईनं चेहरा फटीजवळ आणला. तिनं मनापासून पाहिलं, माझे डोळे, नाक, हनुवटी. मी हालले नाही.

“कोणासारखीच न्हाई,” ती आत वळून म्हणाली.

मग तिनं माझ्या हातातून पेला घेतला, आणि मला वाईट वाटू नये म्हणून दार अगदी हळू लावलं.