कोरडा दगड

पौषातली पहाट होती. घोणसगडाच्या उत्तर बुरुजावर धुकं इतकं दाट उतरलं होतं की तोफेच्या मागच्या टोकाला, कान्यापाशी, उभ्या असलेल्या गोलंदाजाला तिचं तोंड दिसत नव्हतं. आणि खाली पाच महिने गडाला मगरमिठी मारून बसलेल्या पातशाही फौजेचे डेरे, मोर्चे, उंटांचे कळप, सगळंच त्या धुक्यानं पोटात घेतलं होतं. बुरुजाच्या पायथ्याशी अंबू गुरव मात्र पालथा पडून आपल्या ढोलाकडे टक लावून बघत होता. ढोलाच्या ताणलेल्या कातड्यावर त्यानं चिमूटभर मोहरी टाकली होती. वारा पडलेला, आसपास चिटपाखरू नाही, तरी मोहरीचे दाणे थरथरत होते. गडाच्या पोटात कोणीतरी खणत होतं.

घटकाभरात अंबू सदरेवर उभा राहिला.

"सरकार, चोरवाटेच्या अंगानं खणती चाललीया. तीन राती मी बघतुया," तो म्हणाला.

किल्लेदार निंबाजीरावांनी मान वर केली नाही. हा माणूस शब्दाचा इतका पक्का की दिलेला शब्द चुकला हे कळलं तरी मागं घ्यायचा नाही. अशा माणसाच्या हाती गड राहतो आणि घरची माणसं कावून जातात. चोरवाट म्हणजे भैरोबाच्या देवळामागून निघून, उत्तर बुरुजाखालून डोंगराच्या पोटातून पार खालच्या रानात उतरणारं भुयार. तीस वर्षांमागं तिथल्या कोंदट हवेत अकरा माणसं गुदमरून मेली, तेव्हा निंबाजीरावांच्या वडिलांनी तिचं वरचं तोंड बुजवलं आणि देवळासमोर हुकूम ऐकवला होता: चोरवाटेत जो पाऊल टाकील त्याचा कडेलोट, मग तो कोणाच्याही पोटचा असो.

"खालचं तोंड कोणास ठाऊक नाही. वरचं सटवाजीनं बुजवलं आहे," निंबाजीराव म्हणाले. "सटवाजी, पुन्हा एकदा सदरेस सांग. भिंत कशी आहे?"

म्हातारा सटवाजी बेलदार पुढं झाला. त्याच्यामागं त्याचा मुलगा लखमा उभा होता.

"समदी चुन्यात हाय, धनी. येक बी दगूड कोरडा न्हाई. भैरोबाची आण."

लखमानं खाली बघितलं. बापानं देवाच्या नावानं खोटं सांगितलं होतं आणि ते त्या सदरेवर दोघांनाच ठाऊक होतं. विहीर असो, तळघर असो की भुयार, बुजवताना एक चीप चुन्याविना बसवायची, ही त्यांच्या घराण्याची रीत. भिंतीलाही श्वास लागतो, असं सटवाजी म्हणायचा. थोरल्या किल्लेदारांनी 'सगळी चुन्यात' असं बजावलं असतानाही तरण्या सटवाजीचा हात तेवढ्या एका दगडाशी अडला होता. खालून पाचव्या थरातली, डावीकडची चीप. हे बाहेर फुटलं तर म्हाताऱ्याचं काय होईल, हे लखमाला कोणी सांगायला नको होतं.

पण मोहरी खोटं बोलत नव्हती. वाटेत मध्येच दरड कोसळलेली असणार आणि बुरुजाखाली सुरुंगाची दारू भरायला शत्रू तीच उपसत असणार, हे बेलदाराच्या पोराला न कळायला काय झालं. बुरूज उडाला तर गडावरची तीनशे माणसं कापली जाणार होती. म्हणून संध्याकाळी त्यानं कोरड्या चिपेची गोष्ट दोघांच्या कानावर घातली: एक अंबू, आणि दुसरा रायाजी, निंबाजीरावांचा एकुलता एक मुलगा. तिघं एकाच टाक्यात पोहायला शिकलेले. लहानपणी त्या भिंतीला कान लावून आतली भुतं ऐकण्याबद्दल तिघांनीही एकाच दिवशी मार खाल्ला होता.

"आबासाहेबांना पुरावा हवा," रायाजी म्हणाला. "आपण आज रात्री जाऊ, बघू आणि उजाडायच्या आत परत येऊ."

"आन् कडेलोट?"

"त्याला उजाडावं लागतं."

पहिला प्रहर सरल्यावर तिघांनी पहारीनं ती चीप ओढली. माणूस सरपटत जाईल एवढी फट झाली. लखमा आणि रायाजी आत उतरले, अंबूनं चीप होती तशी लावली आणि राखणीला बसला. मध्यरात्रीची नौबत वाजवायला त्याला नगारखान्यात जावं लागणार होतं. तेवढी अर्धी घटका सोडली तर तो तिथून हलणार नव्हता.

आत हवा जड होती. दिव्याची ज्योत बोटभर होती, ती शंभर पायऱ्यांत नखाएवढी झाली. वाट एवढी बुटकी की कमरेत वाकूनच उतरावं लागे. वर डोकं आपटायचं, खाली पाय घसरायचा. एका ठिकाणी ओळीनं वहाणा पडलेल्या दिसल्या. लखमानं मोजल्या नाहीत. रायाजीनं हात जोडले आणि दोघं पुढं सरकले.

बुरुजाखालची रुंद जागा लागली तेव्हा ती रिकामी होती. पण तिथून खाली, वळणाच्या पलीकडं, उजेड होता. लखमानं दिव्यावर सोबत आणलेलं मडकं पालथं घातलं आणि दोघं पोटावर पडून डोकावले. कोसळलेली दरड साफ उपसलेली होती. वळणावर दारूचे बुधले भिंतीला लावून रचले होते. साठ तरी असतील. खालून आणखी येत होते.

"सुबह से पहले सब माल बुर्ज के नीचे पहुँचना चाहिए," कोणीतरी दमात सांगत होतं.

दोघं मागं फिरले. चढताना रायाजीचा श्वास लागला, लखमाची छाती दुखायला लागली, पण आता सांगायला पुरावा होता. भिंतीपाशी पोचताच लखमानं चिपेला खांदा लावला. ती हलली नाही. त्यानं सांध्यावर बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

त्यानं ते नाकाशी नेलं. मेथीच्या पाण्याचा वास आला. गडावर चुन्यात मेथीचं पाणी घालणारा एकच माणूस होता.

आता काय घडलं हे लखमाला लख्ख दिसलं. दिवसभर भैरोबाची खोटी आण म्हाताऱ्याला खात राहिली असणार. रात्री ती खरी करायला तो घमेलं घेऊन आला असणार, नेमका अंबू नौबतीला गेलेला असताना. बापानं आयुष्यात पहिल्यांदा शेवटचा दगड चुन्यात बसवला होता, आणि मुलगा आत होता. लखमाला हसू यावं की रडू, कळेना. त्याला भीती वाटली, एवढं मात्र खरं.

"चुना ओला हाय," तो म्हणाला. "दोघांनी रेटलं तर निघंल."

रायाजीनं त्याचा दंड धरला. "थांब. आता बाहेर पडून आबासाहेबांना उठवायचं, त्यांना पटवायचं, माणसं घेऊन उतरायचं. तोवर बुधले बुरुजाखाली आलेले असतील. आत्ता ते वळणावर आहेत. तिथं उडाले तर भुयार जाईल, बुरूज राहील."

"उडवणार कोन?"

रायाजीनं कमरेची जामगी चाचपली. तोफखान्यावर काम करणारा तो, चकमक आणि वात त्याच्या अंगावरच असे. मग त्यानं भिंतीची धूळ घेऊन तोंडाला फासली. "त्यांच्यात सगळेच धुळीनं माखलेत. एक जास्त झाला तर कोण ओळखतंय?"

"मी जातो, रायबा. तू किल्लेदाराचा ल्योक."

"म्हणूनच. आणि तुला भिंतीचं काम आहे. स्फोट वरही येईल. चीप अशी सैल राहिली तर ती उडेल, आणि देवळाला लागून काय आहे?"

देवळाला लागून गडाचं स्वतःचं दारूकोठार होतं.

"वात लावतो आणि पळत येतो," रायाजी म्हणाला. "तू मला आत घेऊन दार लाव."

"दार कुठं हाय हितं?"

"तेच म्हणतोय. भिंतच पक्की करून घे," तो म्हणाला आणि वाकून अंधारात उतरला. लखमाला त्याची पाठसुद्धा दिसली नाही, कारण दिवा त्यानं जाताना मडक्याखाली झाकून नेला होता.

तेवढ्यात भिंतीपलीकडं काहीतरी खरवडलं. अंबू परत आला असणार आणि सटवाजीला सगळं कळलं असणार. पहार सांध्यात शिरत होती. म्हातारा घाईघाईनं आपलाच चुना उकरत होता. चीप आत्ता निघाली तर ती पुन्हा पक्की व्हायच्या आत स्फोट झाला असता. लखमाला ओरडावंसं वाटलं. पण हातभर दगडातून शब्द कळायचे नाहीत, आणि खाली मात्र आवाज गेला असता.

त्यानं कमरेची छिन्नी काढली. भिंतीच्या दोन बाजूंनी काम करणारे बेलदार ठोक्यांनी बोलतात, आणि बाप-लेक पंधरा वर्षं असेच बोलत आले होते. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे चुना घाल. तीन म्हणजे पक्का झाला, हात काढ.

त्यानं एक ठोका दिला. पहार थांबली.

मग त्यानं दोन ठोके दिले.

पलीकडं काहीच झालं नाही. लखमाला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नसावं. त्यानं पुन्हा दोन दिले. पलीकडून एकच ठोका आला, थरथरता. बाप त्याला 'थांब' म्हणत होता. आयुष्यात त्यानं कामाच्या वेळी मुलाची अशी विनवणी केली नव्हती. लखमाचे डोळे भरून आले. त्यानं कपाळ दगडाला टेकवलं आणि तिसऱ्यांदा दोन ठोके दिले, सावकाश, चुकीचे ऐकू येऊ नयेत असे.

बऱ्याच वेळानं थापीचा आवाज आला. चुना भरला जात होता. मग चिपेमागं धोंडे रचल्याचे धक्के बसू लागले, एकावर एक, नीट, घाई न करता. सटवाजी बेलदारानं वाईट काम कधी केलं नव्हतं, ते त्या रात्रीही केलं नाही.

लखमा आतून कान देऊन बसला होता. हवा संपत चालली होती. डोळे मिटत होते आणि मिटल्यावर त्या वहाणा दिसत होत्या. खालून पळत येणाऱ्या पावलांचा आवाज येईल म्हणून तो वाट बघत राहिला. धक्के थांबले तेव्हा त्यानं भिंत तळहातानं तपासली आणि तीन ठोके दिले.

पलीकडून तीन ठोके आले. पक्का झाला, हात काढ.

पावलं आली नाहीत. आला तो धडाका. डोंगर खालून वर हलला, वाऱ्याचा लोट आला आणि लखमा भिंतीवर आपटला. भिंत हलली नाही.

पुढचं त्याला नंतर कळलं. पहाटेला सगळा गड देवळामागं लोटला तेव्हा सटवाजी भिंतीला पाठ लावून बसला होता. भिंत फोडायची परवानगी मागायला त्याला तीस वर्षांचं खोटं भर लोकांत सांगावं लागलं. ते त्यानं एका दमात सांगितलं. निंबाजीराव इतकंच म्हणाले, "फोडा."

उजेड आत आला तेव्हा लखमानं आधी बापाचे हात बघितले. मग मागं उभे असलेले किल्लेदार दिसले. ते त्याच्याकडे बघत नव्हते. त्याच्या मागच्या अंधारात बघत होते.

"आणि रायाजी?" त्यांनी विचारलं.

लखमानं अंधाराकडं वळून हात जोडले. निंबाजीरावांनी पुन्हा विचारलं नाही.

हल्ल्यासाठी दबा धरून बसलेली पातशाही टोळी धुकं विरायच्या आत माघारी गेली आणि नवव्या दिवशी वेढा उठला. दहाव्या दिवशी सदर भरली. सटवाजी आणि लखमा हात बांधून उभे राहिले. थोरल्या किल्लेदारांचा हुकूम वाचला गेला, 'कोणाच्याही पोटचा असो' हे शब्दही वाचले गेले.

"सटवाजी," निंबाजीराव म्हणाले, "तू खोटी आण घेतलीस हा गुन्हा. ती तू रात्री खरी केलीस आणि माझा मुलगा आत राहिला. यातल्या कुठल्या गोष्टीची शिक्षा देऊ, ते तूच सांग."

म्हाताऱ्यानं कपाळ जमिनीला टेकवलं.

"पाऊल दोघांनी टाकलं. एकाला डोंगरानंच ठेवून घेतलं. दुसऱ्याला दरीत ढकलून हा हुकूम पुरा होत असेल, तर तो माझ्याकडून अपुरा राहू दे." शब्द मोडायची त्यांची ही पहिलीच वेळ होती, आणि ती त्यांना जड गेली हे सगळ्या सदरेला दिसलं. "भिंत मात्र पुन्हा बांधा. मी समोर उभा राहीन."

दुपारी बाप-लेक कामाला लागले. चुन्यात मेथीचं पाणी पडलं. एकेक करत सगळे थर चढले. निंबाजीराव उन्हात उभे होते. कोणी छत्र धरलं ते त्यांनी बाजूला करवलं. शेवटी पाचव्या थरातली डावीकडची चीप तेवढी उरली. सटवाजीनं थापीवर चुना घेतला आणि सांध्याकडं हात नेला.

"थांब," निंबाजीराव म्हणाले.

म्हाताऱ्यानं मान वळवून बघितलं.

"तो दगड कोरडाच बसव," किल्लेदार म्हणाले. "आत माणूस आहे."