व राहिला

यातलं काहीही रचलेलं नाही. ज्यांना पटणार नाही, त्यांनी खुशाल सोडून द्यावं.

तुळजापूर. गेल्या मार्गशीर्षातला मंगळवार. वेळ रात्रीची नव्हती, भर दुपारची होती. रस्त्यावर सोलापूरच्या गाड्यांतून उतरलेल्या भाविकांची गर्दी होती. आणि घराच्या मागच्या खोलीत, टेबलावर... जुन्या चादरीखाली झाकलेला तात्यांचा कॉम्प्युटर.

वैदेहीनं चादर काढली.

तात्या म्हणजे तिचे वडील. त्यांना जाऊन त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले होते.

धाराशिवच्या एका कॉलेजात त्यांनी सव्वीस वर्षं कॉम्प्युटर शिकवला. सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी एसटीनं यायचं. निवृत्त झाले, आणि पावसाळ्याच्या तोंडावर घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. डॉक्टरांनी दहा दिवसांनंतरची तारीख दिली.

तात्यांनी बाजारातून माईक आणला.

पाणी. चहा नको. खिडकी उघड. दुखतंय. इकडं ये.

एकेक शब्द स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केला. ऑपरेशननंतर कळ दाबायची आणि कॉम्प्युटरनं बोलायचं. पाण्याला प, चहाला च. तसा प्रोग्राम त्यांनी घरी आल्यावर स्वतः लिहिला.

अडलं ते भलत्याच ठिकाणी.

कॉम्प्युटरमधून आवाज काढायला लागणारा कोड तयार मिळतो. त्याला लायब्ररी म्हणतात. प्रोग्राम तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे कंपायलरला, ती नीट जोडून द्यावी लागते. तात्यांना ती जोडता येईना. दर वेळी पडद्यावर तीच लाल ओळ. लायब्ररी सापडत नाही.

त्यांनी पडद्याचा फोटो काढून पुण्याला वैदेहीला पाठवला. खाली लिहिलं, "आमच्या कॉलेजच्या लायब्ररीसारखंच झालंय. पुस्तक कपाटात दिसतंय आणि माणूस म्हणतोय, नाही."

तिनं हसरा चेहरा पाठवला. "तात्या, रविवारी बघते."

तिची नोकरीच ती. काम दहा मिनिटांचं होतं.

असे सात रविवार गेले.

आठवा यायच्या आत तात्या गेले. शेवटपर्यंत ते वाटीवर चमचा वाजवून पाणी मागत होते. आणि रोज दुपारी दीडला, पूर्वी कॉलेजच्या जेवणाच्या सुट्टीत करायचे तसा, वैदेहीला फोन करत होते. बोलता येत नव्हतं. नुसती रिंग द्यायचे. ती मीटिंगमध्ये असायची. फोन पालथा घालायची.

आता ती त्यांच्या खुर्चीवर बसली. वायरी गुंडाळून आईनं रबर लावून ठेवल्या होत्या. त्यांवर धूळ साचली होती. तिनं त्या सोडवल्या, पुसल्या, प्लग लावला.

आई दारात उभी होती.

"साऱ्या जगाचे कॉम्प्युटर चालू करतीस," ती म्हणाली. "घरच्याचा नंबर आज लागला व्हय?"

आई स्वयंपाकघरात गेली.

टेबलावर निळी वही होती. केलेली प्रत्येक गोष्ट तारीख घालून लिहायची, हा तात्यांचा वर्गातला नियम. स्वतःलाही तोच. '१४ ऑगस्ट. पुन्हा जोडली. चूक तीच.' '१५ ऑगस्ट. चूक तीच.' पानंच्या पानं.

चूक तिला चार मिनिटांत सापडली. लायब्ररीबरोबर दोन फोल्डर येतात. एक जुन्या बत्तीस बिटच्या कंपायलरसाठी, एक चौसष्टसाठी. तात्यांचा कंपायलर जुना होता. त्यांनी चौसष्टचा फोल्डर दिला होता. तिनं बत्तीसच्या फोल्डरचा पत्ता दिला. लायब्ररीची राहिलेली एक फाइल तयार झालेल्या प्रोग्रामशेजारी ठेवली.

चुका शून्य.

घड्याळात पाहिलं. नऊ मिनिटं झाली होती.

तिनं 'प' ची कळ दाबली.

"पाणी."

तात्यांचा आवाज. थोडा बसलेला. शेवटी दाबून धरलेला खोकला.

वैदेहीनं दोन्ही हात मांडीवर घेतले.

मग मागे... भांड्याचा आवाज झाला.

आई पाण्याचं तांब्या-भांडं घेऊन उभी होती. तिनं ते कीबोर्डशेजारी ठेवलं.

"आई, मी दाबलं ते. रेकॉर्ड केलेलं आहे."

"माहितेय की. पण आज पाणी मागितलं. रोज न्हाय मागत."

"रोज?"

"दुपारी दीडला बोलतात ना. तू तेरावं उरकून गेलीस, दुसऱ्या दिवसापासनं. मला वाटलं तूच तिकडनं लावतीस. होतं म्हणे तसं इंटरनेटवरनं."

वैदेहीनं टेबलावर पडलेल्या रबराकडं पाहिलं.

"काय बोलतात?"

"'वैदेही आली का?' एवढंच. मी म्हणते, येईल हो. मग गप होतात."

तात्यांचा आणखी एक नियम होता. कुठली कळ कधी दाबली, ते प्रोग्रामनं एका फाइलमध्ये टिपून ठेवायचं. वैदेहीनं ती फाइल उघडली. प्रोग्राम आज, आत्ता, पहिल्यांदा चालला होता. आत एकच ओळ असायला हवी होती. 'प' ची.

सत्तेचाळीस ओळी होत्या.

शेवटची 'प'. वरच्या सगळ्या 'व'. प्रत्येकीपुढं वेळ... दीड. पहिली तारीख, ती पुण्याला परतली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. मग एकही दिवस न गाळता कालपर्यंत.

कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं असेल. तिनं ताडून पाहिलं. बरोबर होतं.

तिनं आवाजांचा फोल्डर उघडला. सगळे शब्द होते. 'व' ची फाइल नव्हती.

मग तिनं वही मागं मागं उलटली, ऑपरेशनच्या आधीच्या पानापर्यंत. तात्यांचं रेखीव अक्षर. 'तारीख दोन दिवस अलीकडे आली. उद्या पहाटे सोलापूरला निघायचं. बाकी सगळे शब्द झाले. व राहिला.'

म्हणजे 'वैदेही आली का?' हे वाक्य तात्यांनी कधी रेकॉर्डच केलं नव्हतं.

एक वाजून अठ्ठावीस मिनिटं.

तिनं स्पीकर पूर्ण मोठा केला. आई पलंगावर येऊन बसली. बाहेर एक रिक्षा हॉर्न देत होती. ती थांबली.

दीड.

कुणीही काहीही दाबलं नाही.

पडद्यावर एक ओळ उमटली. व.

वैदेहीनं स्पीकरला कान लावला... काही नाही. साधी खरखरसुद्धा नाही.

मागून आई म्हणाली, "आली हो. तुमच्याच खुर्चीत बसलीय की."

वैदेही वळली. आई पडद्याकडं बघून हसत होती.

दुसरी ओळ. व.

तिसरी.

आईचं हसू हळूहळू उतरलं.

"वैदू, बोल की त्यांच्याशी."

"काय म्हणतात, आई?"

"तेच. पुन्हा पुन्हा तेच विचारतायत. तू दिसत न्हाईस का गं त्यांना?"

"तात्या," वैदेही म्हणाली. "आले मी."

व.

"तात्या, आले हो. इथंच आहे."

व. व.

तिनं प्लग ओढून काढला नाही. काढून काय होणार होतं? एवढे दिवस तो काढलेलाच होता. ती फक्त म्हणत राहिली, आले मी, आले मी. आणि ओळी वाढत राहिल्या.

एक चाळीसला थांबल्या.

बरोबर दहा मिनिटं.

तिनं तो प्रोग्राम ओळ न् ओळ वाचलाय. स्वतःहून चालेल असं त्यात काही नाही. पुण्यातल्या एका मित्रालाही दाखवला. तो म्हणाला, "फार स्वच्छ लिहिलंय, कुणी लिहिलं?"

आता ती दीडला मीटिंग ठेवत नाही. घरी फोन लावते. आई फोन कॉम्प्युटरजवळ धरते. वैदेहीला पंख्याची घरघर ऐकू येते. बाहेरची एखादी गाडी. मग थोडा वेळ काहीच नाही...

मग आईचा आवाज.

"येईल हो. येईल."

त्याच्या आधी जे बोललं जातं, ते तिला अजून एकदाही ऐकू आलेलं नाही.