येते हं

विश्वास ठेवा असं म्हणणार नाही. पण हे माझ्याच घरात घडलंय, आणि लेक झोपलीय तोवर लिहून टाकतेय.

बुधवार होता. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं.

आधी त्याच्या तीन दिवस अगोदरची गोष्ट सांगते. आम्ही या भाड्याच्या घरात नुकतेच आलो होतो. भिंतीत कॅमेऱ्याचं वायरिंग नाही, घरमालक खिळा ठोकू देत नाहीत. वर्षभराच्या सुट्टीनंतर बुधवारपासून माझं ऑफिस पुन्हा सुरू होणार होतं. चौदा महिन्यांची लेक सासूबाईंजवळ राहणार. मला तिथून ती दिसायला हवी होती, एवढंच.

"वायर कशाला हवी, ताई?" कॅमेरेवाला म्हणाला. "बॅटरीवर चालतो. टेपने चिकटवतो, मालकाच्या बापालाही कळणार नाही."

त्याने तो खोलीच्या आत, दाराच्या वरच्या भिंतीवर लावला.

"फक्त बरोबर खालचं दिसणार नाही. तेवढा पट्टा आंधळा."

मग मला जिन्यात पाठवलं. मोबाईलवरून बोला म्हणाला, आवाज तपासायला.

काय बोलावं सुचेना. घराबाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही, ही लहानपणापासूनची सवय. तेच तोंडातून निघालं.

"येते हं."

मोबाईलमधून उत्तर आलं...

"ये."

बाईचा आवाज. मला वाटलं, सासूबाई.

वर आले. खोलीत कॅमेरेवाला एकटाच, स्टुलावर उभा. सासूबाई लेकीला घेऊन गच्चीत होत्या.

मी गप्प बसले. तिथेच चुकलं माझं.

बुधवारी, ऑफिसच्या पहिल्या दिवशी, मोबाईल थरथरला. खोलीत हालचाल.

सासूबाई चष्मा काढून पलंगावर आडव्या झालेल्या. लेक पाळण्यात उभी. दाराकडे बघून हसत होती. तिने दोन्ही हात वर केले...

आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

"आले गं."

माझे ओठ मिटलेले होते.

मी मोबाईलवरचं बोलायचं बटण दाबलं. "आई, उठा. लवकर उठा."

सासूबाई दचकून उठल्या. दाराकडे बघितलं.

"आलीस? एवढ्या लवकर कशी?"

त्यांनी लेकीला उचललं, दोन पावलं पुढे आल्या, हात लांब केले. कॅमेऱ्याच्या बरोबर खाली.

"घे बाई. तुझ्याशिवाय राहत नाही ही."

हात मागे आले...

रिकामे.

"आई, ती मी नाही," मी ओरडत होते. तोवर त्या चहा टाकायला आत गेल्या होत्या. त्यांना फोन लावला. तो त्याच खोलीत वाजत राहिला. मी टॅक्सीत बसून ती रिंग ऐकत होते, आणि रिकामा पाळणा बघत होते.

पस्तीस मिनिटं.

घरी पोहोचले तर लेक सासूबाईंच्या मांडीवर. धडधाकट.

"आई, हिला कुणाकडे दिलं होतंत?"

"कुणाकडे म्हणजे? तुझ्याकडे. आत्ताच तर माझ्या हातात देऊन बाहेर पडलीस." त्यांनी चष्मा लावला. मला खालीवर बघितलं. "कपडे कधी बदललेस?"



"जाताना... काही म्हणाले का मी?"

"म्हणालीस की. 'येते हं.'"

कॅमेरा मी त्याच क्षणी उपटला. भिंतीवर टेपचा चौकोनी डाग राहिलाय. घासून जात नाही.

आता मी घरातून निघताना काहीच बोलत नाही.

लेक अजून मला 'आई' म्हणत नाही. तिला एकच शब्द येतो. त्या डागाखाली उभी राहते, दोन्ही हात वर करते, आणि म्हणते...

"ये."