फारूखभाई, दोर ओढा

ही गोष्ट रचलेली नाही. ज्यांच्यासोबत घडली ते फारूखभाई शहागंजात आमच्या दोन घरं पलीकडे राहतात, आणि शपथा खाऊन काहीबाही सांगणाऱ्यांतले ते नाहीत. ज्याला खोटं वाटेल त्यानं इथंच थांबावं.

२०२५ चा मार्च. रमजान चालू होता. जागा, शेंद्रा एमआयडीसीतली एक कंपनी. नाव सांगत नाही.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती. पत्रे तापून कडकड वाजत होते.

त्या कंपनीत प्लॅस्टिकचा दाणा बनतो. त्याला स्टायरीन नावाचा पातळ माल लागतो. सगळाच माल दाणा होत नाही, थोडा वाफ होऊन वर जातो. ती वाफ मोकळी सोडली तर नुकसानही होतं आणि आगीचा धोकाही. म्हणून ती पाइपानं ओढून घेतात, गार पाण्यानं थंड करतात, पातळ झाली की एका उंच टाकीत जमवतात आणि परत वापरतात. या सगळ्याला तिथं एकच शब्द, रिकव्हरी.

फारूखभाई आणि गोकुळ, दोघं रिकव्हरीचे जुने ऑपरेटर. गोकुळ मूळचा पाचोडकडचा. गारखेड्यात भाड्यानं राहायचा. बायको रूपा, आणि लहानगी श्रेया.

वर्षातून एकदा शटडाऊन घेतात, म्हणजे प्लांट बंद ठेवून ती टाकी धुतात. आतल्या भिंतीला माल धरून काचेसारखा कडक थर बसतो, तो माणसानं आत उतरून खरवडावा लागतो. आत जायचं गोकुळनं. वर तोंडाशी, कठड्याच्या मचाणावर, दोर धरून बसायचं फारूखभाईंनी. कैक वर्षं असंच चालत आलं होतं.

त्या दिवशीही गोकुळ कमरेला पट्टा बांधून उतरला.

"रोजा हाय तुमचा, सावलीला बसा की," तो आतून म्हणाला.

"तू तुझं काम बघ," फारूखभाई म्हणाले.

खरवडण्याचा आवाज येत होता. खर्र... खर्र...

मग तो थांबला.

फारूखभाईंनी हाक मारली. उत्तर नाही.

हातातला दोर सैल पडला...

त्यांनी आत बॅटरी मारली. ओला तळ दिसला. भिंती दिसल्या. शिडी दिसली.

गोकुळ दिसला नाही.

टाकीत लपायला जागा कुठं असते? गोल डबाच तो. मदतीला ओरडायला त्यांनी मान वळवली, आणि परत फिरवली तर...

गोकुळ शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर. हात टाकीच्या काठावर.

"कुठं होतास रे? हाक दिली, ओ का नाय दिली?"

गोकुळ वर आला आणि सावलीत जाऊन बसला.

फारूखभाईंनी दोर ओढून घेतला. टोकाला पट्टा आला. त्याचं बक्कल लावलेलंच होतं.

बक्कल न काढता माणूस पट्ट्यातून निघतो कसा? हा प्रश्न त्यांना नंतर पडला. तेव्हा फक्त जीव भांड्यात पडला होता.

अजून एक. त्या टाकीतून बाहेर पडणारा माणूस घामानं निथळत असतो.

गोकुळचे कपडे कोरडे होते.

थर सगळा निघाला होता, म्हणून झाकण बसलं. फारूखभाईंनी स्वतःच्या हातानं बोल्ट आवळले. शिफ्ट इंचार्ज शिवराज साहेबांनी खालून नायट्रोजन सोडायला सांगितला. टाकीत तो भरला की आतली हवा निघून जाते, आगीची भीती राहत नाही. माणूस मात्र त्यात जगत नाही.

फारूखभाई गोकुळशेजारी येऊन टेकले. गोकुळचा वॉकीटॉकी समोर बाकावर पडला होता. बंद.

तेवढ्यात फारूखभाईंच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला...

"फारूखभाई... दोर ओढा."

गोकुळचा आवाज.

त्यांनी शेजारी बघितलं. गोकुळ शांत बसला होता. तोंड मिटलेलं.

"तू बोललास?"

"नाय."

"ऐकलंस का?"

"काय?"

पुन्हा खरखर...

"बक्कल अडकलंय माझं. दोर ओढा ना, भाई. इथं लई अंधार झालाय."

आणि टाकीच्या पत्र्यावर आतून आवाज आला.

ठक... ठक... ठक...

फारूखभाई उठून पळाले. साहेब खाली पॅनलसमोर उभे होते.

"साहेब, नायट्रोजन बंद करा. आत माणूस हाय."

"कोण माणूस?"

"गोकुळ."

साहेबांनी वर बघितलं. गोकुळ कठड्याला टेकून दोघांकडंच बघत होता.

"फारूखभाई, गोकुळ तो काय उभाय. रोज्यानं चक्कर आली असंल तुम्हाला. घरी जा."

"आवाज ऐका तुम्ही. पत्रा वाजतोय."

"नायट्रोजननं पत्रा गार होताना वाजतोच. तुम्हीच शिकवलं मला."

खरं होतं ते. पण पत्रा गार होताना नाव घेऊन हाक मारत नाही. फारूखभाईंनी वॉकीटॉकी साहेबांच्या कानाला लावला. साहेबांना नुसती खरखर ऐकू आली.

फारूखभाईंना मात्र ऐकू येत होतं...

"भाई... दम लागतोय... श्रेयाला क्लासवरून आणायचंय... ओढा ना..."

त्यांनी साहेबांचे पाय धरले. वयानं केवढे मोठे, तरी धरले. साहेब गडबडले, पण व्हॉल्व्ह बंद करायला तयार होईनात. संध्याकाळी प्लांट चालू करायचा होता.

मग फारूखभाई पाना उचलून बाहेरची शिडी चढले.

एकट्यानं बोल्ट सोडायला लागले. ओठ सुकलेले, डोळ्यांपुढं काजवे, पाना हातातून निसटतोय. आतली ठकठक हळू होत चाललेली.

ठक...

...ठक...

"गोकुळ, मी आलो रे. दम धर. मी आलो."

गोकुळ तिथंच, हाताच्या अंतरावर उभा होता. मदतीला वाकला नाही. अडवलंही नाही. नुसता बघत राहिला.

खाली साहेबांनी शेवटी व्हॉल्व्ह बंद केला. माणसं धावली. झाकण बाजूला झालं तेव्हा आतून काहीच ऐकू येत नव्हतं.

फारूखभाई आत उडी घ्यायला निघाले. चौघांनी धरून ठेवलं म्हणून वाचले, नाहीतर दोन श्वासांत गेले असते. साहेबांनी मोठी बॅटरी लावली.

आत कोणी नव्हतं.

टाकी रिकामी. स्वच्छ. ओली.

फारूखभाई तिथंच मटकन बसले आणि लहान पोरासारखे रडले. कशासाठी रडतोय हे त्यांना स्वतःला सांगता येईना. ज्याच्यासाठी रडत होते तो समोर उभा होता.

कंपनीनं त्यांना आठवडाभर रजा दिली. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा आणि उपासाचा परिणाम. घरी त्यांच्या बायकोनं, सगीराभाभींनी, ते मानून घेतलं. फारूखभाईसुद्धा स्वतःला तेच समजावत होते.

ईद झाली. आणि रूपाचा फोन आला.

"भाई, यांना काय झालंय? त्या दिवशी कंपनीत काय झालं होतं का?"

"का गं? काय करतो?"

"करत कायच नाय. जेवतात, कामावर जातात, विचारलं तेवढं बोलतात. पण भाई, उन्हाळ्याचं घामाचा थेंब नाय अंगाला. आणि त्यांच्या कपड्यांना तो कंपनीचा गोडसर वास असायचा ना, किती बी धुतलं तरी जायचा नाय..."

"मग?"

"तो गेला. रोज तिथंच कामाला जातेत, आणि वास नाय."

फारूखभाई फोन घेऊन ओट्यावर आले.

"श्रेया त्यांच्याजवळ जात नाय," रूपाचा आवाज फुटला. "काल ते समोर जेवत बसले होते. ती माझ्या कानात म्हणते, आई, बाबा कधी येणार?"

त्या दिवसापासून फारूखभाईंची झोप उडाली ती उडालीच. दर्ग्यात जाऊन आले. मौलानांना विचारलं. रूपानं गावाकडं नेऊन देवाचं केलं. कशाचा उपयोग झाला नाही. गोकुळला कुठंही न्या, तो मुकाट चालत येतो.

टाकी तेव्हापासून चालू आहे. वाफ येते, गार होते, टाकीत उतरते, परत जाते. फारूखभाई रोज तिच्याजवळून जातात. वॉकीटॉकी कधी कधी खरखरतो. आवाज आता फार लांबून येतो. शब्द कळत नाहीत, फक्त कोणीतरी बोलतंय एवढं कळतं.

"भाभी म्हणतात, नोकरी सोडा," मी एकदा म्हणालो.

"सोडली तर त्याला ओ कोण देईल?" एवढंच ते बोलले.

ते खरंच ओ देतात. टाकीला हात लावून हळूच म्हणतात, "हाय रे गोकुळ, इथंच हाय मी."

मागच्या महिन्यात असंच म्हणत असताना त्यांना पाठीमागं कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं...

गोकुळ होता.

"कुणाशी बोलताय, फारूखभाई?"

त्यांनी टाकीवरचा हात काढून घेतला. गोकुळ टाकीकडं बघत राहिला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो आपणहून बोलत होता.

"शटडाऊन जवळ आलंय. यंदा तुम्ही आत उतरा. दोर मी धरतो."

हे मला फारूखभाईंनी परवा ओट्यावर बसून सांगितलं. आतून सगीराभाभी ऐकत होत्या. दाराशी येऊन रडत म्हणाल्या, "नक्को जाओ जी. मैं हात जोडती." एरवी कधी कोणापुढं न रडणारी बाई.

मीही म्हणालो, तब्येतीचं कारण सांगा, दुसऱ्या कोणाला तरी उतरवतील.

फारूखभाई मग म्हणाले, "झाकण मी लावलं होतं. तो आत असंल, तर त्याला माझ्याशिवाय कोण आणणार?"

त्यांनी साहेबांकडं आत उतरायला नाव दिलंय.

शटडाऊन पुढच्या सोमवारी आहे.