आडवं पडलेलं गवत

अवतरणयानाच्या खिडकीतून कप्तान गावंडे बाहेरच्या गवताकडे संशयाने पाहत होते. क्षितिजापर्यंत करडं गवत, एक पातं उभं नाही. महिन्यापूर्वी मानवरहित शोधयानाला हाच ग्रह हिरवागार दिसला होता.

"मेलंय," ते म्हणाले. "देतो उतरायचा दाखला. वर वसाहतयानात दोन हजार माणसं ताटकळलीत, आणि त्याची कप्तान कुंदा, म्हणजे आमचं कुटुंब आहे. ऐकून मलाच घ्यावं लागतं."

"मेल्याचं सोंगही असेल," जीवशास्त्रज्ञ वत्सला घैसास म्हणाल्या. "आमच्या रत्नागिरीच्या सड्यावर, उघड्या कातळावर, एक रानगवत आहे. उन्हाळ्यात त्याची काडी होते, पाणी मिळालं की पुन्हा हिरवं. अमेरिकेतला ऑपॉसम नावाचा प्राणी शत्रू दिसला की जीभ बाहेर काढून निपचित पडतो. त्याच्यावर पाण्याची बादली ओतलीत तरी उठायचा नाही. शत्रू गेला की उठतो."

बाईंना शोधनिबंधासाठी मुक्काम लांबवायचा असावा, असं गावंड्यांना वाटलं. तरी त्यांनी पाणी घातलं. गवत ढिम्म.

"म्हणजे मेलं नसेल तर ऑपॉसम," गावंडे म्हणाले. "आणि शत्रू आपण." आपल्याला कुणीतरी भितं, याचं त्यांना थोडं बरंही वाटलं.

"आपण गेल्यावर कळेल."

एक कॅमेरा मागे ठेवून आणि गवताचा गड्डा बंद पेटीत घालून दोघं कक्षेत परतले. दुसऱ्या दिवशी गावंड्यांनी पेटी उघडली. थेंबभर पाणी न देताही गवत हिरवं, ताठ उभं होतं. त्यांनी डोळे वटारले, कात्री वाजवून पाहिली. गवताने दखल घेतली नाही. ते जरा दुखावले. पण आपल्याशी भांडण नाही म्हटल्यावर त्यांनी घैसासबाईंना न विचारताच वसाहतयानाला परवानगी दिली. ते यान एकदाच उतरायचं होतं. पुन्हा चढण्याची सोय त्यात नव्हती.

ते टेकल्यावर घैसासबाई कॅमेऱ्याचं चित्र घेऊन आल्या.

"कप्तान, आपण निघून दिवस झाला. खालचं गवत अजून आडवंच आहे."

"पेटीतलं तर उठलं."

"पेटीतलं तिथून निघालं, म्हणून उठलं. आपल्याला ते भीत नाही. ज्याला भितं, ते अजून खालीच आहे."

गावंड्यांनी ध्वनिक्षेपक ओढला.

"कुंदा, दार उघडलंस?"

"उघडलं की. निम्मी माणसं बाहेर आहेत. हवा छान आहे."

"सगळ्यांना आडवं व्हायला सांग. आहेत तिथं. बोलू नका, हलू नका."

"काहीतरीच काय. किती वेळ?"

"गवत उठेपर्यंत."