मागच्या दारानं आलेली हवा

धावताना ठणठणीत आणि उभं राहिलं की आचके, असा आजार माणसाला झाला तर भलेभले डॉक्टर डोकं खाजवत बसतील. आजोबांच्या ट्रकला नेमका तोच झाला होता.

सन २०७१. सांगोल्यात विजेवर न चालणारा तो एकच ट्रक उरला होता. मूळचा पेट्रोलचा, आता उसाच्या मळीपासून काढलेल्या इंधनावर चालायचा. त्याच्या पाठीवर मोठी दुर्बीण होती आणि ती घेऊन तो माणदेशातल्या शाळाशाळांतून खाकरत फिरायचा. आजोबा म्हणजे डॉ. विश्वंभर केदारी, आयुष्यभर हवेचा अभ्यास केलेले शास्त्रज्ञ. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसतील तर शपथ. यंदा तर त्यांनी अकरा वर्षांच्या नातीला, शाल्मलीला, स्वतःच्या हातानं दुर्बीण लावून मुलांना शनीची कडी दाखवायची परवानगी दिली होती. येत्या शुक्रवारपासून बारा शाळा ठरल्या होत्या आणि शाल्मलीचे पाय जमिनीवर नव्हते.

पण आज, सोमवारी, दुपारी तीनला ट्रकची वार्षिक तपासणी होती. नियम साधा होता. गाडी उभी असताना इंजिन पाच मिनिटं न थांबता चाललं पाहिजे, नाहीतर गाडी थेट भंगारात. हा ट्रक घाट हसत चढायचा, पण उभा केला की थरथरायचा आणि मिनिटभरात बंद पडायचा.

घरचा यंत्रमानव खटपट्या सकाळपासून बॉनेटखाली मान घालून उभा होता. विजेच्या गाड्या तो डोळे मिटून दुरुस्त करी, पण या म्हाताऱ्यापुढं त्यानं हात टेकले होते. प्लग बदलले होते, इंधनाचा पंप बदलला होता, इंजेक्टर (इंजिनात इंधनाचा बारीक फवारा मारणाऱ्या तोट्या) काढून धुऊन पुन्हा बसवले होते. ट्रक जिथल्या तिथं.

शाल्मलीला मात्र रोगाचं नाव ठाऊक होतं. दृष्ट. महिन्यापूर्वी एका शाळेतले गुरुजी ट्रककडं पाहून म्हणाले होते, "काय देखणी गाडी आहे हो, या वयातसुद्धा!" तेव्हाच ती लागली, याबद्दल तिला शंका नव्हती. लिंबू-मिरची पुढं बंपरला बांधावी, तर आजोबा असल्या गोष्टींना पोट धरून हसायचे. म्हणून तिनं ती बॉनेटच्या आत, इंजिनाच्या पाठीमागं जाणाऱ्या एका काळ्या रबरी पाईपला बारीक तारेनं बांधली. त्या सांदीत तिचाच हात जात होता. आठवडाभरात ट्रक थरथरू लागला. दृष्ट जबर असणार, असं समजून पुढच्या शनिवारी तिनं मोठं लिंबू बांधलं आणि तारेला दोन पीळ जास्त दिले. ट्रकची तब्येत आणखी बिघडली. परवाच्या शनिवारी तिनं आणखी दोन पीळ दिले होते.

आजोबांनी खटपट्याला ट्रकच्या जुन्या संगणकाला विचारायला सांगितलं. उत्तर ऐकून ते पालथ्या बादलीवर मटकन बसले. धावताना इंधन पुरत होतं आणि उभं असताना कमी पडत होतं. म्हणजे सगळं उलटंच. जास्त लागतं तेव्हा पुरतं आणि थोडंच लागतं तेव्हा पुरत नाही, हे कसं? मग त्यांनी शाल्मलीला विचारलं, आई किती माणसांचा स्वयंपाक करायचा हे कसं ठरवते?

"पुढच्या दारानं कोण कोण आलं ते मोजून," शाल्मली म्हणाली.

"चार जण मोजले, चौघांचं रांधलं, आणि मागच्या दारानं दोघं गुपचूप पंगतीत बसले तर?"

"सगळेच अर्धपोटी उठतील. पण लग्नात चारशे पानं असतील, तर ते दोघं कुणाला कळणारसुद्धा नाहीत."

कोडं आजोबांनी घातलं होतं आणि सोडवून ती मोकळी झाली होती.

मग त्यांनी ते तिला उलगडून सांगितलं. इंजिनाला जेवायला हवा आणि इंधन ठरावीक प्रमाणात लागतं. पुढच्या दारावर हवामापक (आत शिरणारी हवा मोजणारं उपकरण) बसलेला असतो. त्यानं मोजलं तेवढ्याच हवेपुरता फवारा संगणक मारायला लावतो. कुठं भोक पडलं असेल तर इंजिन तिथूनही हवा ओढतं, आणि ती कुणी मोजलेलीच नसते. गाडी धावते तेव्हा हवेचा लोंढा आत येत असतो, त्यात ही चोरटी हवा खपून जाते. गाडी उभी असली की हवा लागते थोडीच, त्यामुळं चोरटीचा वाटा मोठा होतो, इंधन अपुरं पडतं आणि इंजिन आचके देतं. आता फक्त मागचं दार शोधायचं होतं.

ते सोपं होतं. इंजिन थंडगार होतं. खटपट्यानं पुढच्या नळीला टोपण लावलं आणि आत हळूहळू पांढरा धूर सोडला. हवा जिथून आत शिरते तिथूनच धूर बाहेर येणार होता. तिघंही इंजिनावर ओणवले. इंजिनाच्या पाठीमागून एक बारीक रेघ वर आली, तशी खटपट्यानं कॅमेऱ्याचं बोट त्या सांदीत घातलं.

पडद्यावर वाळलेलं लिंबू दिसलं. खाली सात मिरच्या. आणि त्यांच्या मधून निवांत निघणारा धूर.

"हा सुटा भाग माझ्या यादीत नाही," खटपट्या म्हणाला.

तार रबरात खोल रुतली होती आणि पाईप अर्धा चिरला होता. ज्या गाडीला जपायचं म्हणून शाल्मली दर शनिवारी खटाटोप करत होती, तिचा गळा तीच आवळत होती. गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. जुन्या गाडीत कुणीतरी, कधीतरी बांधलं असेल, असंच सगळे म्हणाले असते.

"मी बांधलं," ती म्हणाली. "दर शनिवारी. आणखी घट्ट."

हा पाईप ब्रेकला जातो, आजोबांनी हळू आवाजात सांगितलं. इंजिनाच्या ओढीचा जोर त्यातूनच ब्रेकला मिळतो. घाट उतरताना तो पुरता तुटला असता तर ब्रेक दाबता दाबता पायातलं बळ संपलं असतं. ते ऐकून शाल्मली खालीच बसली.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही हसला असतात."

आजोबा हसले असते, हे खरंच होतं. चाळीस वर्षं हवा मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली ही गोष्ट मोजता आली नव्हती. त्यांनी तिला हात धरून उठवलं आणि गेल्या वर्षी आणून ठेवलेला कोरा पाईप काढून आणला. जुन्या पाईपचं टोक सांदीत होतं, तिथं हात शाल्मलीचाच जात होता. नवा पाईप तिनंच बसवला.

तीन वाजता तपासणी केंद्रात पाटोळेबाईंनी घड्याळ लावलं. दुसऱ्या मिनिटाला इंजिनाचा पंखा सुरू झाला तेव्हा शाल्मली बोटांवर सेकंद मोजू लागली, पण ट्रक एका सुरात चालत राहिला. पाच मिनिटं झाली. पाटोळेबाईंनी शिक्का मारला आणि कौतुकानं मान हलवली. "काय देखणी गाडी आहे हो, या वयातसुद्धा!"

शाल्मली दचकली. तिनं आजोबांकडं पाहिलं. ते हसत नव्हते. त्यांनी खिशातून एक लिंबू, सात मिरच्या आणि सुती दोऱ्याची गुंडी काढली. येताना बाजारातून कधी घेतली, तिला कळलंही नव्हतं.

"पुढं बांध, बंपरला. दोऱ्यानं," ते म्हणाले. "आणि इथून पुढं मनात जे असेल ते पुढच्या दारानं आण, बाळ. म्हणजे मला मोजता येईल."

शाल्मलीनं गुडघ्यावर बसून सैलशी गाठ मारली. पहिली शाळा शुक्रवारी होती आणि शनी संध्याकाळीच उगवणार होता.